विश्लेषण : विंडो बदलली की आकडे का थांबतात? स्क्रीनवरचा ‘लाइव्ह’ डेटा खरेच लाइव्ह असतो का?

बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने उसासाठी एआयचा प्रकल्प हाती घेतला. २०२५च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनीही त्याचा जाहीर उल्लेख केला. जमिनीतले सेन्सर, हवामान केंद्र आणि उपग्रहाची छायाचित्रे यांच्या आधारे शेतकऱ्याला मोबाइलवर सल्ला मिळतो. त्यामुळे अशाच कल्पनेवर आपणही काही करावे, असे इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांना वाटणे स्वाभाविक आहे. शेतातून नेटवर्कवर आकडे येतात आणि कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅममध्ये दोन विंडो असतात. एकीत सगळ्या प्लॉटचा नकाशा, दुसरीत एका प्लॉटचा ओलाव्याचा आलेख. डेमोला सगळे छान चालते. प्रत्यक्षात मात्र नकाशावरून आलेखावर जाताच स्क्रीन हँग होते किंवा मधल्या वेळचे आकडेच गायब होतात.

प्रोग्रॅम हँग का होतो?

बटण दाबणे, विंडो सरकवणे, चित्र पुन्हा रंगवणे ही सगळी कामे रांगेत येतात आणि प्रोग्रॅमचा एकच मुख्य ‘थ्रेड’ ती एकेक करून उरकतो. नवख्याची चूक इथेच होते. नेटवर्कवरून आकडा येण्याची वाट पाहण्याचे कामही तो याच थ्रेडला देतो. साखर कारखान्याच्या काट्यावरचा कारकून पुढची ट्रॉली कधी येते हे पाहायला गेटवर जाऊन उभा राहिला, तर काट्यावर आधीच आलेल्या ट्रॉल्यांचे काय होईल? तसेच इथे होते. आकडा येईपर्यंत क्लिक रांगेत पडून राहतात. विंडोज ही प्रणाली साधारण ५ सेकंद वाट पाहते आणि मग विंडोच्या शीर्षकात ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ असे लिहून मोकळी होते. अँड्रॉइडने तर ३.० या आवृत्तीपासून मुख्य थ्रेडवर नेटवर्कचे काम करायलाच मनाई केली. डेस्कटॉपवर असा सक्तीचा पहारा सहसा नसतो, म्हणून तिथे ही चूक खपून जाते.

मग आकडे हरवतात कसे?

हा दोष जास्त फसवा, कारण स्क्रीन हँग होत नाही. प्रत्येक विंडो उघडताना स्वतःचे कनेक्शन जोडते आणि बंद होताना तोडते, अशी रचना अनेकदा केलेली असते. म्हणजे तुम्ही नकाशा पाहत होता त्या १० मिनिटांत आलेखाकडे काहीच पोहोचले नाही. उलट जुने कनेक्शन तोडायचे राहिले, तर तोच आकडा दोनदा नोंदवला जातो. कनेक्शन उघडे ठेवून त्यातले वाचणेच थांबवले, तर आलेला डेटा ऑपरेटिंग सिस्टीमच्या बफरमध्ये साचतो. बफर भरला की टीसीपी समोरच्याला ‘थांब’ असे कळवते. (टीसीपीच्या भाषेत या शिल्लक जागेलाही ‘विंडो’च म्हणतात, हा निव्वळ योगायोग.)

उपाय काय?

विंडोने फक्त दाखवायचे, आकडे घ्यायचे नाहीत. कनेक्शन एकच असावे, ते वेगळ्या थ्रेडवर चालावे आणि आलेला प्रत्येक आकडा एका सामायिक साठ्यात जावा. विंडो उघडली की तिने साठ्यातून आतापर्यंतचे सगळे उचलायचे आणि पुढच्या बदलांची सूचना घ्यायची. विंडो बदलल्याने साठ्याला काही फरक पडत नाही. एक पथ्य मात्र कडक आहे. मागच्या थ्रेडने स्क्रीनवरच्या बटणांना किंवा आलेखाला थेट हात लावायचा नाही. त्यासाठी क्यूटीमध्ये ‘सिग्नल-स्लॉट’, डॉट नेटमध्ये ‘इन्व्होक’ अशा सोयी आहेत. पायथनच्या टीकेइंटरमध्ये रांगेत डेटा टाकून ‘आफ्टर’ने तो ठरावीक वेळाने उचलता येतो. सेकंदाला १०० आकडे आले तरी स्क्रीन १०० वेळा रंगवण्याची गरज नसते.

एवढे महत्त्व कशाला?

१४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिका आणि कॅनडात सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. ओहायोतील फर्स्टएनर्जी कंपनीच्या नियंत्रण कक्षात धोक्याचे इशारे देणारे सॉफ्टवेअर दुपारी सव्वादोनच्या सुमारास बंद पडले होते. तासाहून अधिक काळ तिथल्या ऑपरेटरना त्याचा पत्ताच नव्हता. पुढे सर्व्हरही कोलमडले आणि एरवी १ ते ३ सेकंदांत ताजी होणारी स्क्रीन ५९ सेकंदांपर्यंत वेळ घेऊ लागली. त्यात एका स्क्रीनच्या आत दुसरी अशी मांडणी असल्याने एकीवरून दुसरीवर जाणेही रखडले. वाहिन्यांखाली वाढलेली झाडे हेही ब्लॅकआउटचे कारण होते. पण इशारा आला नाही, म्हणजे सगळे ठीक आहे, असा समज त्या स्क्रीनने करून दिला.

उसाच्या शेतात एवढा हाहाकार होणार नाही. पण नीरा डाव्या कालव्याचे आवर्तन लांबले असताना तीन तासांपूर्वीचा ओलावा ‘आत्ताचा’ म्हणून दिसला आणि त्या भरवशावर ठिबक बंद ठेवले, तर फटका उसालाच बसतो. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी त्याची वेळ हवी आणि आकडा शिळा झाला की त्याचा रंग बदलायला हवा. ही वेळ सेन्सरने मोजल्याची असावी. विंडो उघडल्याची वेळ तिथे छापली, तर शिळा आकडाही ताजाच दिसतो.

प्रोग्रॅम तपासायला महागडी साधने लागत नाहीत. आकडे येत असताना नेटवर्कची वायर काढायची, दोन-तीनदा विंडो बदलायची, मग वायर परत जोडायची. स्क्रीन हँग झाली का, आकडा शिळा असल्याचे दिसले का आणि जोडणी आल्यावर आलेखातली मोकळी जागा मोकळीच दाखवली की दोन टोके सरळ रेषेने जोडून टाकली, हे पाच मिनिटांत कळते.