‘झोंबी’तली आई

मैत्रिणींनो, आज आम्ही आनंद यादवांच्या ‘झोंबी’विषयी सांगतो. १९८७ सालच्या या आत्मचरित्रात्मक कादंबरीला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. काळ स्वातंत्र्याच्या आगेमागेचा, गाव कोल्हापूरकडचं कागल.

वडील आनंदाची शाळा सोडवून त्याला शेतात जुंपतात. नवऱ्यापुढं आईचं चालत नाही. ती लेकाला घेऊन गावातल्या वजनदार दत्ताजीरावांकडं जाते. ते वडिलांना खडसावतात. मग अकरापर्यंत शेत, पुढं शाळा. पिकाला पाणी देताना पोरगा मास्तरांनी शिकवलेल्या कविता म्हणतो. कष्ट तेच, पण एकटेपण खायला उठत नाही.

पुस्तक जाड आहे. गटात थोडं थोडं वाचू. मंठ्यात कापूस वेचणीपायी कुणाची पोरगी घरी राहिली, तर ही आई आठवू. घरात आपलं ऐकत नसतील, तर ज्याचं ऐकतात त्याला गाठू.