बोंबील चालतो, मग पाण्याने काय घोडं मारलंय?

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर उतरलेल्या ताज्या बोंबलात दहापैकी जवळजवळ नऊ भाग पाणीच असतं. म्हणून तर तळण्याआधी त्याला वजनाखाली दाबतात, आणि सुकवायचा तर जबड्यात जबडा अडकवून जोडीने वलांडीच्या दोरीवर टांगतात. ‘जेवताना पाणी पिऊ नको, पचत नाही’ असा दम देणारी आजी हे पाणी मात्र आग्रहाने वाढते! शिवाय भातात साधारण ७० टक्के पाणी, काकडीत ९५. तांब्या लपवला तरी पाणी ताटातून पोटात जातंच.

पाण्यावर आरोप एकच, पाचकरस पातळ होतो. पण जठर रोज सुमारे दोन लिटर रस बनवतं, वर लाळ लिटर-दीड लिटर. सगळं मिळून आतड्यात दिवसाला आठ-नऊ लिटर द्रव उतरतो आणि त्यात आपण प्यायलेलं जेमतेम दोन लिटर. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांना पेलाभर पाणी पाजलं. पोटातली आम्लता मिनिटभरात उतरली खरी, पण काही मिनिटांत पुन्हा जागेवर आली. मुळात पिष्ट आणि प्रथिनं तोडण्याच्या रासायनिक क्रियेत पाण्याचा रेणू खर्च होतो. पाण्यावाचून पचनच नाही.

गार पाण्याचं काय? त्याची गंमत अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर सुरू झाली. १८२२ मध्ये अ‍ॅलेक्सिस सेंट मार्टिन या कामगाराला बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण पोटाला पडलेलं भोक बुजलं नाही. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्या भोकातून वर्षानुवर्षं पचन न्याहाळलं आणि १८३३ मध्ये पुस्तक काढलं. गार पाणी गेलं की जठराचं तापमान झपकन उतरतं आणि पूर्ववत व्हायला अर्धा तास लागतो, असं त्यांनी नोंदवलं. म्हणजे आजीचा मुद्दा अगदीच हवेतला नाही. पण जठर पुन्हा तापतंच. डॉक्टर १८५३ मध्ये गेले, भोकवाला पेशंट १८८० पर्यंत जगला!

आपले आयुर्वेदाचार्य वाग्भट तर पाण्याच्या बाबतीत बरेच उदार. जेवणाआधी प्यायलं तर कृश, मध्ये प्यायलं तर सम, शेवटी प्यायलं तर स्थूल, असा त्यांचा हिशेब. २०१० च्या एका अमेरिकी चाचणीत कमी उष्मांकाचा आहार घेणाऱ्या प्रौढांपैकी ज्यांनी जेवणाआधी अर्धा लिटर पाणी प्यायलं, त्यांचं वजन १२ आठवड्यांत इतरांपेक्षा सुमारे दोन किलो जास्त उतरलं. पहिल्या कलमापुरते तरी वाग्भट पास.

कालवण झणझणीत झालं तर मात्र पाण्याचा उपयोग नाही. मिरचीतलं तिखट द्रव्य पाण्यात विरघळत नाही. दूध किंवा दही घ्या. घशात काटा रुतला तरी पाण्यावर भरवसा ठेवू नका आणि भाताचा गोळाही गिळू नका, काटा आणखी आत जातो. सरळ डॉक्टर गाठा.

एक पाणी मात्र कायमचं वर्ज्य, समुद्राचं. आपलं मूत्रपिंड तेवढी खारट लघवी बनवू शकत नाही, त्यामुळे प्याल त्याहून जास्त पाणी शरीरातून निघून जातं. मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतलेल्या अर्नाळा किल्ल्यात, चहूबाजूंनी खाडी-समुद्र असताना, गोड्या पाण्याच्या विहिरी का मोलाच्या, ते यावरून कळावं.

ज्यांना आम्लपित्त घशाशी येतं त्यांनी जेवताना घटाघट पिऊ नये, पोट ताणून त्रास वाढतो. जठराची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि हृदय-मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांनी सांगितलेलं मापच पाळावं. बाकीच्यांनी भाकरीचा घास अडला की बिनधास्त दोन घोट घ्यावेत. आजी ओरडलीच, तर वाग्भटांचं नाव सांगा.