लाथेचें शास्त्र : कराटे आणि तायक्वांदो

पाय हा अवयव आपल्याकडे फार सांभाळून वापरला जातो. कोणाला चुकून पाय लागला तर आपण लगेच वांकून नमस्कार करतों. पुस्तकाला लागला तरी तेंच करतों. आणि वडील माणसांसमोर पाय पसरून बसणें हें अद्यापि अनेक घरांत असभ्यपणाचें मानलें जातें. लाथ मारणें ही तर अपमानाची परिसीमा. भृगुऋषींनीं विष्णूच्या वक्षःस्थलावर लाथ मारली, ही कथा पुराणकारांनीं सांगितली ती देखील देवाची क्षमाशीलता किती थोर, हें दाखविण्याकरितां. उलटपक्षीं एखाद्या कर्तबगार माणसाविषयीं 'लाथ मारील तेथें पाणी काढील' असें आपणच कौतुकानें म्हणतों. लाथेशीं असलेला आपला हा दुटप्पी संबंध ध्यानांत घेतला म्हणजे, आपल्याच घरांतील आठ-दहा वर्षांचीं मुलें पांढरा पोषाख व रंगीत पट्टा घालून संध्याकाळीं लाथा मारण्याचें शिक्षण घ्यावयास निघतात, याची थोडी गंमत वाटल्यावांचून राहत नाहीं.

या शिक्षणाचे आपल्या शहरांत दोन प्रकार विशेष आढळतात. कराटे आणि तायक्वांदो. पालकांपैकीं बहुतेक जण घराजवळ जो वर्ग असेल त्यांत मुलाचें नांव घालून मोकळे होतात. पोषाख सारखाच, पट्ट्यांचे रंग सारखे, आरंभीं व शेवटीं लवून केलेलें वंदन सारखें. मग भेद तो काय असणार? आमच्या घरांत एक पुतण्या कराटे शिकतो व एक पुतणी तायक्वांदो, आणि कोणाची लाथ श्रेष्ठ या विषयावर जेवणाच्या वेळीं जो वाद होतो त्याला अंत नसतो. त्या वादाचा निकाल लावण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतु नाहीं. परंतु या दोन लाथांमध्यें खरोखरीच अंतर आहे, आणि तें कसें पडलें हें समजून घेणें मुलांच्या गुडघ्यांच्या व डोक्याच्या दृष्टीनें अगत्याचें आहे.

कराटेचें माहेर जपान नव्हे, तर ओकिनावा. हें बेट पूर्वीं र्‍यूक्यू नांवाच्या स्वतंत्र राज्याचें होतें. जपाननें तें १८७९ सालीं आपल्या राज्यास जोडलें. तेथील विद्येवर चिनी विद्येचा संस्कार इतका होता कीं, तिचें नांवच 'चिनी हात' अशा अर्थाच्या अक्षरांनीं लिहीत असत. इतोसू आंको या शिक्षकांनीं ती विसाव्या शतकाच्या आरंभीं ओकिनावांतील शाळांत नेली. त्यांचे शिष्य फुनाकोशी गिचिन यांनीं १९२२ सालीं तोक्योमध्यें तिचें जाहीर प्रदर्शन केलें. आणि १९३६ सालीं नाहा येथें जमलेल्या गुरुजनांनीं 'चिनी हात' टाकून उच्चारानें तेंच पण अर्थानें 'रिकामा हात' असें नांव मान्य केलें. नांवांतच हात आहे, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. ओकिनावांतील जुन्या पाठांत लाथा आहेत, परंतु थोड्या; आणि त्या बहुधा समोर, कमरेच्या खालीं मारावयाच्या. पाय उंच गेला कीं तोल जातो आणि पाय शत्रूच्या हातीं सांपडतो, हा त्यामागील व्यवहार.

पाय उंचावला तो जपानांत आल्यावर. फुनाकोशींचे चिरंजीव योशिताका यांना या बदलाचें श्रेय बहुतेक सर्व जण देतात. याचा एक लहानसा पण बोलका पुरावा सांगतों. इतोसूंनीं शाळेंतील मुलांसाठीं 'पिनान' नांवाचे पांच पाठ रचले. त्यांपैकीं एकांत ओकिनावांतील विद्यार्थी सरळ समोर लाथ मारतो. तोच पाठ फुनाकोशींच्या परंपरेंत 'हेइआन' या नांवानें शिकवला जातो, आणि तेथें त्याच जागीं विद्यार्थी बाजूस वळून लाथ मारतो. पाठ एक, जागा तीच, लाथ मात्र बदलली.

आतां कोरियाकडे वळूं. १९१० पासून १९४५ पर्यंत कोरिया जपानच्या अमलाखालीं होता. त्या काळांत शिक्षणासाठीं जपानांत गेलेल्या कित्येक कोरियन तरुणांनीं तेथें कराटे शिकून घेतलें. त्यांपैकीं ली वोन-कुक हे फुनाकोशींचे शिष्य. त्यांनीं १९४४ सालीं सोलमध्यें आपली शाळा काढली. आरंभींच्या या शाळांतून 'प्योंगआन' म्हणून जे पाठ शिकवीत, ते म्हणजे इतोसूंचेच पिनान. आणि विद्येचें 'तांगसूदो' हें एक प्रचलित नांव म्हणजे 'चिनी हात' याच अक्षरांचा कोरियन उच्चार. १९५५ सालीं सेनापति चोई होंग-ही यांच्या पुढाकारानें 'तायक्वांदो' हें नवें नांव पुढें आलें. 'ताए' म्हणजे पायाचा आघात, 'क्वोन' म्हणजे मूठ, 'दो' म्हणजे मार्ग. नांवांत पाय आधीं आला, हात मागाहून. हे चोई देखील तरुणपणीं जपानांत कराटेच शिकलेले होते.

मग तायक्वांदो म्हणजे कोरियन पोषाखांतील कराटे होय काय? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. कोरियांत 'तेक्क्यन' नांवाचा पायांचा एक जुना खेळ होता. लयीवर पावलें टाकीत प्रतिस्पर्ध्यास पायानें पाडावयाचें किंवा त्याच्या डोक्यास पाय लावावयाचा, असें त्याचें स्वरूप. सोंग देओक-गी (१८९३–१९८७) या वृद्ध गृहस्थांमुळें तो टिकला. १९८३ सालीं कोरियन सरकारनें त्यास संरक्षण दिलें व २०११ सालीं युनेस्कोनें आपल्या यादींत घेतला. तेक्क्यनपासून तायक्वांदोपर्यंत गुरुशिष्यपरंपरेचा सलग धागा दाखवितां येत नाहीं. परंतु लहानपणीं पाहिलेल्या खेळांची आवड राष्ट्राच्या अंगांत राहते, आणि परकी सत्ता गेल्यावर जपानी विद्येहून आपली विद्या निराळी दिसावी ही इच्छा तर फारच स्वाभाविक होती. हातांत जपान दिसत होता. पायांत कोरिया दाखवितां येत होता. दोन सहस्र वर्षांच्या अखंड परंपरेच्या ज्या गोष्टी वर्गांतून सांगितल्या जातात, त्या या इच्छेच्या पोटीं जन्मल्या आहेत.

आपणही त्यांस हंसण्याचें कारण नाहीं. दक्षिण हिंदुस्थानांतून बोधिधर्म चीनला गेला व त्यानें तेथें ही सर्व युद्धविद्या शिकविली, असें आपल्याकडील मंडळी मोठ्या अभिमानानें सांगतात. ती कथा ज्या चिनी ग्रंथाच्या आधारावर उभी आहे तो सतराव्या शतकांतील, म्हणजे बोधिधर्मानंतर हजारांहून अधिक वर्षांनीं रचलेला आहे.

प्रत्यक्ष लाथेंत भेद कसा दिसतो तें आतां पाहूं. दोहोंकडे असणारी वर्तुळाकार लाथ घ्या. कराटेंत ती 'मावाशी-गेरी', तायक्वांदोंत 'दोल्यो-चागी'. जुन्या वळणाचा कराटेपटु गुडघा बाजूनें उचलतो, मांडी जवळजवळ जमिनीशीं समांतर नेतो, कंबर फिरवतो, आणि पायाचीं बोटें मागें ओढून चवड्यानें आघात करतो. लगेच पाय झटक्यानें मागें घेऊन तो जमिनीवर भक्कम टेकतो, कारण पुढील प्रहार हाताचा असावयाचा असतो व हाताच्या प्रहारास जमिनीचा आधार लागतो. तायक्वांदोपटूची उभे राहण्याची तऱ्हाच निराळी. तो उंच, अरुंद, अंग तिरपें ठेवून, चवड्यांवर नाचत असतो. गुडघा सरळ समोर येतो. समोर लाथ येणार कीं वर्तुळाकार, हें प्रतिस्पर्ध्यास कळूं नये म्हणून. अगदीं शेवटच्या क्षणीं टेकलेल्या पायाची टांच प्रतिस्पर्ध्याकडे फिरते, कंबर उलटते, आणि पोटरीपासूनचा भाग चाबकासारखा सुटतो. आघात पावलाच्या वरच्या बाजूनें होतो. धड मागें झुकतें. हात बरेचदां खालीं लोंबत असतात. कराटे शिकलेल्या माणसाला तें पाहून जीव खालींवर होतो. स्पर्धेच्या कराटेंतही आतां ही कोरियन तऱ्हा पुष्कळ शिरली आहे, हें मात्र सांगितलें पाहिजे.

हात खालीं कां, याचें उत्तर नियमांत आहे. ऑलिंपिकमध्यें जो तायक्वांदो खेळला जातो त्यांत तोंडावर ठोसा मारण्यास मनाई आहे, आणि कमरेच्या खालीं लाथ मारण्यासही. छातीवरील ठोशास एक गुण. धडावरील लाथेस दोन, डोक्यावरील लाथेस तीन. आणि तीच गिरकी घेऊन मारली तर अनुक्रमें चार व पांच. बाजारांत ज्या मालास भाव, तोच माल शेतकरी पिकवणार. तसें गिरकीच्या व उंच लाथांचें पीक तेथें उदंड आलें. टांच आकाशाकडे नेऊन कुऱ्हाडीसारखी खालीं आणणारी 'नेऱ्यो-चागी' ही त्याच जमिनींतील. कराटेच्या जागतिक स्पर्धांत ठोशास एक, धडावरील लाथेस दोन व डोक्यावरील लाथेस तीन गुण आहेत. म्हणजे लाथेस मान तेथेंही आहे. पण तोंडाकडे ठोसा येऊं शकतो आणि टेकलेला पाय झाडून पाडतां येतो. त्यामुळें पाय उचलणाऱ्यास दहादां विचार करावा लागतो. चोई यांच्या संघटनेचा, म्हणजे ऑलिंपिकबाहेरचा तायक्वांदो घेतला, तर तेथें तोंडावर ठोसा चालतो. आणि तेथील खेळाडूंचे हात वर असतात.

या दोन दृष्टींतील अंतर सर्व जगाला एका क्षणांत दिसलें तें ७ ऑगस्ट २०२१ रोजीं, तोक्योच्या ऑलिंपिकमध्यें. कराटेच्या सर्वांत वजनदार गटाचा अंतिम सामना होता. एका बाजूस इराणचा सज्जाद गंजजादे, दुसऱ्या बाजूस सौदी अरबस्तानचा तारेग हमीदी. हमीदी ४–१ असा पुढें होता. त्याच्या देशाला तोंवर ऑलिंपिकमध्यें एकही सुवर्णपदक मिळालेलें नव्हतें. त्यानें पाय उचलला, आणि ती लाथ गंजजादेच्या मानेजवळ अशी बसली कीं तो जागच्या जागीं बेशुद्ध पडला. त्यास स्ट्रेचरवरून न्यावें लागलें. पंचांनीं विचारविनिमय केला आणि हमीदीस बाद ठरविलें; जो शुद्धीवर नव्हता त्यास सुवर्णपदक मिळालें व जो उभा होता त्यास रौप्य. त्याच ऑलिंपिकमध्यें दोन आठवड्यांपूर्वीं तायक्वांदोचे सामने झाले होते. तेथें अशी लाथ विजयी ठरली असती.

हा निर्णय अनेकांस अन्यायाचा वाटला. प्रस्तुत लेखकास तो कठोर वाटतो, पण विसंगत वाटत नाहीं. कराटेंत 'सुन्दोमे' म्हणून एक तत्त्व आहे. सुन हें सुमारें ३ सेंटिमीटरांचें जपानी माप. आपल्याकडील तसूच म्हणा ना! प्रहार पूर्ण वेगानें यावा आणि लक्ष्यापासून तसूभर अंतरावर थांबावा, हें त्या विद्येंतील कौशल्य. जी लाथ थांबवितां येत नाहीं ती, कितीही सुंदर असली तरी, त्या शाळेंत अपुरी. तायक्वांदोनें उलट मार्ग घेतला : छातीवर कवच, डोक्यावर टोप, आणि मग आघात मनसोक्त. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपासून त्या कवचांत आघात मोजणारीं विद्युत्‌यंत्रें आलीं. पंचांच्या पक्षपाताच्या तक्रारी त्यामुळें पुष्कळ कमी झाल्या. मात्र पुढचाच पाय हवेंत धरून तलवारबाजीसारखा टोंचीत राहण्याची एक नीरस पद्धतही रूढ झाली, अशी जुन्या खेळाडूंची तक्रार आहे व ती खोटी नाहीं.

येथें ओयामा मासुतात्सु यांचें नांव घेणें भाग आहे. त्यांनीं उभारलेल्या 'क्योकुशिन' कराटेंत कवच नाहीं आणि तसूभर थांबणेंही नाहीं. मांडीवर नडगीनें मारलेली खालची लाथ हें तेथील मुख्य हत्यार. जपानी लाथेला सर्वांत कठोर रूप देणारे हे गृहस्थ जन्मानें कोरियन होते! जेवणाच्या वेळीं आमच्याकडे हें सांगितल्यावर दोन्ही पक्ष कांहीं काळ गप्प बसले.

पालकांस यांतून घ्यावयाचें तें असें. मुलगी रस्त्यांत निर्भयपणें वावरावी एवढ्याच हेतूनें वर्गास घालावयाची असेल, तर उंच लाथेच्या मोहांत पडूं नये. पायांत चप्पल, खांद्याला पिशवी आणि खालीं ओली फरशी असतां डोक्यापर्यंत पाय नेणें कसलेल्या खेळाडूसही अवघड. गुडघ्यावर किंवा नडगीवर मारलेली ओकिनावाची जुनी सरळ लाथ तेथें उपयोगीं पडते. उलट मुलाच्या अंगीं लवचीकपणा, तोल आणि चपळाई यावी असें वाटत असेल, तर तायक्वांदोचें शिक्षण उत्तम. टोप घातला म्हणजे डोकें सुरक्षित, ही समजूत मात्र सोडावी. टोपामुळें कवटीची इजा टळते. मेंदूला बसणारा हादरा टळत नाहीं. लहान मुलांत डोक्यावर पूर्ण जोराचा आघात करूं देणारा वर्ग, मग तो कोणत्याही नांवाचा असो, टाळलेला बरा. तसेंच, पाय फांकावे म्हणून मुलाच्या मांड्यांवर दुसऱ्यानें भार देऊन दाबणें हा प्रकार कोठें दिसला, तर तेथून मुलास परत आणावें.

राहतां राहिला गुडघा. लाथ मारणाऱ्या पायाकडे सर्वांचें लक्ष असतें, पण इजा पुष्कळदां होते ती टेकलेल्या पायास. कंबर फिरते, पाऊल जमिनीला चिकटून राहतें, आणि मधला गुडघा पिळवटला जातो. म्हणून वर्ग पाहावयास जाल तेव्हां भिंतीशीं बसून अर्धा तास केवळ मुलांच्या टेकलेल्या पावलांकडे पाहावें. वर्तुळाकार लाथेच्या वेळीं टांच वळते कीं नाहीं, आणि ती वळली नाहीं तर शिक्षक मुलास थांबवितात कीं नाहीं, एवढें कळलें म्हणजे पट्ट्याचा रंग व शाळेचें नांव विचारण्याची गरज उरत नाहीं.