वस्तुचित्रातील संबोधन

आमेरच्या मिर्झा राजे जयसिंहाला बिहारीने न उमललेल्या कळीत गुंतलेल्या भ्रमराचा दोहा पाठविला आणि राजा राणीमहालातून राजकार्याकडे परतला, ही जयपूरच्या परिसरातील प्रसिद्ध आख्यायिका. तेथे कळी हा केवळ वर्णनविषय नव्हे. ते एका माणसास उद्देशून केलेले भाषण आहे. बाटल्या, फळे, भांडी यांच्या वस्तुचित्रालाही असे संबोधन संभवते काय? स्पेनमधील एका चित्रावरून ते संभवते असे वाटते.

१९२४ साली साल्वादोर दालीने सायफन आणि रमची बाटली यांचे चित्र काढले आणि ते माद्रिदच्या विद्यार्थिनिवासातील आपला कविमित्र फेदेरीको गार्सिया लोर्का यास दिले. चित्रात मनुष्य नाही, भावविवशता तर नाहीच. मैत्रीची भेट म्हणून इतके अलिप्त चित्र द्यावे, यातच त्याचे मर्म आहे: दाली मित्राला आपली शिस्त देत होता. १९२६ मध्ये दालीस उद्देशून लिहिलेल्या दीर्घ कवितेत लोर्काने त्या रेखीवपणाचा गौरव केला. मात्र मित्राच्या अपरिपक्व कुंचल्याची स्तुती आपण करीत नाही, हेही बजावले. (आपल्याकडील गौरवपर कवितेत एवढी स्पष्टता विरळाच.)

१९२८ मध्ये लोर्काचा ‘रोमान्सेरो खितानो’ प्रसिद्ध झाला आणि दालीने पत्र लिहून ती कविता जुन्या वळणाची ठरविली. भेट दिलेली शिस्त आता कसोटी झाली होती. हा निवाडा मला अन्याय्य वाटतो. लोर्काच्या कवितेतील चंद्र, सुरे, घोडे स्वच्छ कडांनिशीच उभे असतात. फक्त त्यांच्याभोवती दालीने वगळलेली रात्र असते.

१९३६ मध्ये लोर्काची हत्या झाली. ते चित्र आज माद्रिदच्या रेइना सोफिया संग्रहालयात आहे.