घोडा जिंकला की जॉकी? श्रेय मोजण्याचा एक अवघड प्रश्न

‘आजवरचा सर्वश्रेष्ठ जॉकी कोण?’ हा प्रश्न ऐकायला चहाच्या टपरीवरच्या वादासारखा वाटतो. लता की आशा, सचिन की लारा, त्याच जातीचा. पण रिसर्च मेथडॉलॉजीचा पेपर देणाऱ्या किंवा पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या कुणालाही मी हा प्रश्न जरूर द्यावा म्हणेन. कारण त्यात संशोधनातली एक मूळ अडचण उघडी पडते: निकाल दोघांनी मिळून आणला असेल, तर त्यातला एकाचा वाटा वेगळा कसा काढायचा?

आधी थोडी ओळख. फ्लॅट रेसिंग म्हणजे मध्ये कुंपणं, खंदक असे अडथळे नसलेली घोड्यांची शर्यत. आपल्याकडे महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर होतात त्या शर्यती याच प्रकारच्या. ब्रिटनमधल्या नोंदी जुन्या आणि व्यवस्थित ठेवलेल्या आहेत, म्हणून उदाहरणं तिथलीच घेऊ.

तीन जॉकी, तीन आकडे

पहिला, गॉर्डन रिचर्ड्स. ४,८७० विजय आणि २६ वेळा ब्रिटनचा चॅम्पियन जॉकी, म्हणजे त्या वर्षी सर्वाधिक शर्यती जिंकणारा. पण सगळ्यांत मानाची शर्यत, एप्सम डर्बी, त्याने जिंकली फक्त एकदा. १९५३ मध्ये, पिंझा नावाच्या घोड्यावर, २८ व्या प्रयत्नात!

दुसरा, लेस्टर पिगॉट. ब्रिटनमध्ये ४,४९३ विजय आणि ११ वेळा चॅम्पियन. दोन्ही आकडे रिचर्ड्सपेक्षा कमी. पण डर्बी? नऊ वेळा.

तिसरा, फ्रेड आर्चर, एकोणिसाव्या शतकातला. ८,०८४ शर्यतींत २,७४८ विजय. म्हणजे शंभरातल्या ३४ शर्यती जिंकल्या. रिचर्ड्सचं हेच प्रमाण २२ च्या आसपास येतं.

आता सांगा, श्रेष्ठ कोण? एकूण विजय मोजले तर रिचर्ड्स. मोठ्या शर्यती मोजल्या तर पिगॉट. टक्केवारी काढली तर आर्चर. आकडे तिन्ही खरे आहेत, पण प्रत्येक आकडा वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतोय. ‘श्रेष्ठ’ या शब्दाची मोजता येण्याजोगी व्याख्या आपण केलीच नाही, म्हणून आपल्या नकळत ती व्याख्या आकड्याने केली. पहिला धडा हाच: निर्देशक निवडणं म्हणजे अर्धं उत्तर आधीच देऊन टाकणं.

आर्चरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. तो ५ फूट १० इंच उंच होता. जॉकीसाठी हे फारच जास्त. वजन खाली ठेवण्यासाठी त्याने वर्षानुवर्षं शरीराचे अतोनात हाल केले आणि १८८६ मध्ये, आजारपणात आणि खचलेल्या मनःस्थितीत, २९ व्या वर्षी त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. त्याच्या विजयांची बेरीज तिथेच थांबली. तिची तुलना पन्नाशीपर्यंत घोड्यावर बसलेल्या माणसाच्या बेरजेशी करणं चूक आहे. संख्याशास्त्रात अशा अर्धवट तुटलेल्या माहितीला सेन्सर्ड डेटा म्हणतात. टक्केवारीतही हाच घोळ आहे, उलट्या दिशेने: आर्चरची उतरती वर्षं त्याच्या सरासरीत आलीच नाहीत, रिचर्ड्सची आली.

चांगला घोडा कुणाला मिळतो?

आता मुख्य अडचण. शर्यत घोडा पळतो. साधारण ५०० किलोचं जनावर, ताशी ६० किलोमीटरच्या आसपास वेग, आणि वर ५०-५५ किलोचा माणूस. मग जॉकीचा वाटा किती?

जॉकी चांगला असेल तर मालक आणि ट्रेनर त्यालाच बोलावतात. म्हणजे उत्तम घोडे उत्तम जॉकीकडे जातात. त्याचे विजय वाढतात, म्हणून आणखी उत्तम घोडे मिळतात. हे चक्र काही वर्षं फिरलं की विजयांच्या आकड्यात जॉकीचं कौशल्य किती आणि घोड्याची ताकद किती, हे वेगळं करता येत नाही. यालाच कन्फाउंडिंग म्हणतात.

कन्फाउंडिंगची दिशा प्रत्येक क्षेत्रात सारखी नसते, हेही लक्षात ठेवा. नामांकित सर्जनकडे सर्वांत गुंतागुंतीचे रुग्ण येतात, त्यामुळे नुसता मृत्युदर पाहिला तर तो आहे त्यापेक्षा वाईट दिसतो. नामांकित जॉकीकडे सर्वांत चांगले घोडे येतात, त्यामुळे तो आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. म्हणून ‘कन्फाउंडिंग आहे’ एवढं लिहून थांबू नका. ते उत्तराला कुठल्या बाजूला ओढतंय, हेही लिहा.

जॉकी नेमकं करतो काय?

आकड्यांत अडकलो की यंत्रणेकडे वळावं. जॉकीमुळे फरक पडायचा असेल तर तो कुठल्या वाटेने पडेल?

पहिली वाट शरीराची. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश जॉकी लांब रिकिबीत पाय सोडून जवळजवळ ताठ बसत. १८९७ मध्ये टॉड स्लोन हा अमेरिकन जॉकी इंग्लंडला आला तो आखूड रिकिबी लावून, घोड्याच्या मानेवर ओणवा होऊन. लोक हसले, पण तो जिंकत राहिला आणि मग सगळ्यांनीच ती बैठक उचलली. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजच्या संशोधकांनी २००९ मध्ये ‘सायन्स’मध्ये याचं कारण मांडलं. घोड्याचं धड प्रत्येक ढांगेत पुढे-मागे, वर-खाली हिंदकळतं. ओणवा जॉकी पायांचा स्प्रिंगसारखा उपयोग करून स्वतःला जवळपास स्थिर ठेवतो. वजन घोड्यालाच पेलावं लागतं, पण प्रत्येक ढांगेला त्या वजनाला गचके देण्याचं काम वाचतं. ही बैठक रुळली त्या काळात, १९०० च्या सुमारास, मोठ्या शर्यतींच्या वेळांत ५ ते ७ टक्क्यांनी सुधारणा झाली. ही सूट फुकट मिळत नाही. शर्यतीत जॉकीच्या हृदयाची गती कमाल मर्यादेच्या जवळ पोचते.

पण इथे एक मेख आहे. ही बैठक आता सगळेच वापरतात. त्यामुळे आजच्या दोन जॉकींमधला फरक तिने फारसा समजत नाही. एखादा घटक निकालासाठी महत्त्वाचा असणं आणि त्या घटकामुळे माणसामाणसांत फरक पडणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी वाट निर्णयांची. समजा वळण अर्धवर्तुळाकार आहे आणि जॉकीने घोडा आतल्या कठड्यापासून एक मीटर जास्त बाहेरून नेला. जादा अंतर किती? पाय गुणिले एक, म्हणजे सुमारे ३.१४ मीटर. वळण लहान असो की मोठं, उत्तर तेच. एका घोड्याची लांबी धरतात सुमारे २.४ मीटर. म्हणजे एका मीटरच्या चुकीत एका लांबीहून जास्त नुकसान. मग सगळे आतूनच का पळत नाहीत? कारण आत घोडा कोंडला जातो आणि ऐन वेळी बाहेर पडायला फट मिळत नाही. कधी आत शिरायचं, कुणाच्या मागे वाऱ्याच्या आडोशाला राहायचं, जोर कधी काढायचा, हे सगळं अडीच मिनिटांत ठरवायचं. त्यात एप्समचं मैदान आधी चढ, मग उतारावरचं वळण, आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात कठड्याकडे कललेली जमीन असं विचित्र आहे. घोड्याचा तोल सांभाळणाऱ्याला तिथे खरा वाव मिळतो. पिगॉटचे नऊ विजय याच मैदानावरचे आहेत, हा केवळ योगायोग नसावा.

१९७२: तेच दोन घोडे, पण जॉकी बदलला

एकच घोडा वेगवेगळ्या जॉकींनी चालवला तर काय होतं? १९७२ मध्ये असा नैसर्गिक प्रयोग घडला.

रोबेर्तो नावाच्या घोड्यावर डर्बीत बिल विल्यमसन बसणार होता. तो पडून जखमी झाला होता. तो पूर्ण तंदुरुस्त नाही, असं ठरवून मालकाने ऐन वेळी पिगॉटला बसवलं. शेवटच्या पट्ट्यात रोबेर्तो आणि राइनगोल्ड एकमेकांना घासत आले आणि रोबेर्तो घोड्याच्या डोक्याएवढ्याही नसलेल्या अंतराने जिंकला. लोक म्हणाले, पिगॉट नसता तर हरला असता.

इथे थांबलो तर सिद्धांत तयार. पण गोष्ट पुढे आहे. ऑगस्टमध्ये यॉर्कला हे दोन घोडे पुन्हा समोरासमोर आले. या वेळी पिगॉटने राइनगोल्ड निवडला. रोबेर्तोवर बसला पनामाचा ब्राउलिओ बाएझा. रोबेर्तो सुरुवातीपासून पुढे पळाला आणि जिंकला. त्याने राइनगोल्डला तर मागे टाकलंच, पण तोवर कधीही न हरलेल्या ब्रिगेडियर जेरार्डलाही हरवलं. १८ शर्यतींच्या कारकिर्दीत त्या घोड्याचा तो एकमेव पराभव.

मग पिगॉटचा वाटा शून्य? तसंही म्हणता येणार नाही. यॉर्कचं मैदान सपाट, अंतर कमी, महिना वेगळा, जॉकी दोघंही बदललेले. दोन निरीक्षणं आणि बदललेल्या गोष्टी पाच-सहा. पहिल्या शर्यतीवरून जो निष्कर्ष आपण हिरिरीने काढला असता, तो दुसऱ्या शर्यतीने मोडला. आणि दुसऱ्या शर्यतीवरून काढलेला उलटा निष्कर्षही तितकाच कच्चा. सोयीचं उदाहरण सापडलं की त्याचं पुढचं पान उलटून बघायची सवय लावून घ्या.

मग भाव वापरूया का?

हुशार विद्यार्थी इथे म्हणतो, ‘सर, बुकींचा भाव आहे ना! घोड्याची ताकद भावात आलेली असते. भावावरून अपेक्षित विजय काढा आणि प्रत्यक्ष विजय त्याहून जास्त निघाले तर ते जॉकीचं श्रेय.’

कल्पना चांगली आहे. पण २८ सप्टेंबर १९९६ आठवा. ॲस्कटला फ्रँकी डेटोरीने एकाच दिवशी सातही शर्यती जिंकल्या. सातवा घोडा फुजियामा क्रेस्ट. सकाळी त्याचा भाव एकाला १२ होता, म्हणजे जिंकण्याची शक्यता ८ टक्क्यांच्या आत. आधीच्या सहा शर्यती डेटोरीने मारल्यावर तोच भाव एकाला २ वर आला, म्हणजे सुमारे ३३ टक्के. सकाळपासून संध्याकाळपर्यंत घोडा काही चौपट ताकदवान झाला नव्हता. बदलला होता तो डेटोरीच्या नावावर लागणारा पैसा आणि बुकींची धास्ती.

म्हणजे जॉकीचं नाव भावातच मिसळलेलं असतं. जे मोजायचंय तेच ज्या चलात आधी शिरलंय, ते चल ‘कंट्रोल’ म्हणून वापरलं तर जॉकीचा परिणाम आपणच पुसून टाकतो. याला बॅड कंट्रोल म्हणतात, आणि थिसिसच्या रिग्रेशन टेबलांत तो नेहमी सापडतो.

शेवटी काय शिल्लक राहतं?

शास्त्रशुद्ध मार्ग असा: हजारो शर्यतींची माहिती घ्यायची आणि घोडा, जॉकी, ट्रेनर, मैदान यांचे परिणाम एकाच मिक्स्ड इफेक्ट मॉडेलमध्ये बसवायचे. पण त्याला एक अट आहे. जॉकी आणि घोडे यांची पुरेशी अदलाबदल झालेली हवी. एखादा जॉकी आयुष्यभर एकाच तबेल्याचे घोडे चालवत राहिला, तर कितीही मोठा डेटा असला तरी दोघांचा वाटा वेगळा निघत नाही.

याच कसोटीवर माझं मत पिगॉटकडे झुकतं. त्याची पहिली डर्बी १९५४ ची, वय १८, घोडा नेव्हर से डाय, भाव एकाला ३३. शेवटची १९८३ ची, टीनोसोवर. मध्ये २९ वर्षं, नऊ घोडे आणि पाच ट्रेनर. घोडे बदलले, तबेले बदलले, प्रतिस्पर्ध्यांच्या पिढ्या बदलल्या. बदलला नाही तो वरचा माणूस. १९८५ मध्ये तो निवृत्त झाला, पुढे करचुकवेगिरीसाठी तुरुंगात गेला, आणि १९९० मध्ये ५४ व्या वर्षी परत आला. परतल्यावर दोन आठवड्यांच्या आत त्याने अमेरिकेत ब्रीडर्स कप माइल जिंकली, रॉयल अकॅडमी या घोड्यावर.

या युक्तिवादातली फटही सांगतो. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात पिगॉटने एका ट्रेनरची बांधिलकी सोडून फ्रीलान्स व्हायचं ठरवलं. त्यामुळे त्याचे तबेले बदलले, हे आपल्या सोयीचं. पण त्यामुळेच त्याला डर्बीआधी हवा तो घोडा मागता येऊ लागला, हे गैरसोयीचं. निवड हीसुद्धा त्याची कलाच होती असं म्हणता येईल. पण मग ‘घोडा चालवण्यात श्रेष्ठ’ आणि ‘घोडा ओळखण्यात श्रेष्ठ’ यांतलं आपण काय मोजतोय, हे आधी लिहून ठेवावं लागेल.

तुमच्या विषयात घोडा आणि जॉकी कोण आहेत ते शोधा. शाळा आणि विद्यार्थी, बियाणं आणि जमीन, औषध आणि रुग्ण, गाईड आणि स्कॉलर. मग सिनॉप्सिस लिहायच्या आधी चार प्रश्नांची उत्तरं कागदावर मांडा:

१. माझा निर्देशक नेमक्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतो?
२. कुणाला काय मिळतं, हे कोण ठरवतं? त्यामुळे माझं उत्तर कुठल्या बाजूला झुकतं?
३. माझ्या डेटात पुरेशी अदलाबदल झालेली आहे का?
४. मी कंट्रोल म्हणून घेतलेल्या चलात माझं उत्तरच लपलेलं नाही ना?

मुलाखतीत यातला एक तरी प्रश्न हमखास विचारला जातो. फक्त तिथे घोडा नसतो.