निंबोळी पावसाळ्यातून कशी तरून जाईल?



निंबोळीचा अर्क मारला, पण वांग्यावरची कीड काही हलली नाही, अशी तक्रार आपल्या पेडणे-डिचोलीकडे अधूनमधून ऐकू येते. मग माणूस कंटाळून पुन्हा दुकानातल्या जहाल औषधाकडे वळतो. बहुतेक वेळा दोष कडुनिंबाचा नसतो. पंपात पडण्याआधीच त्या निंबोळीतला गुण नाहीसा झालेला असतो, आणि तो झाडावर नव्हे तर आपल्याच घरात नाहीसा होतो.

हा गुण मुख्यत्वे बीच्या आतल्या गरात असतो. त्यातले प्रमुख द्रव्य म्हणजे ॲझाडिरॅक्टिन. १९६८ मध्ये इंग्लंडातील बटरवर्थ व मॉर्गन या शास्त्रज्ञांनी ते प्रथम वेगळे काढले. त्याच्या आधी, १९६२ मध्ये, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील डॉ. प्रधान व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते की निंबोळीचे पाणी शिंपडलेल्या पिकाला टोळ तोंड लावत नाहीत. हे द्रव्य किडीला लगेच ठार करीत नाही. तिचे खाणे सुटते व कात टाकण्याचे काम बिघडते. म्हणून फवारल्यावर दुसऱ्याच दिवशी मेलेल्या अळ्या मोजू नयेत. तीन-चार दिवस वाट पाहावी.

पण हे द्रव्य नाजूक आहे. कडक उन्हात ते मोडते, फार उष्णतेने मोडते, चुन्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाने मोडते, आणि पाण्यात राहिले तर दिवसेंदिवस मोडत जाते. त्याला थोडी आम्लता मानवते. १९८५ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट लार्सन यांना टिकाऊ निंबोळी अर्काचे जे पेटंट मिळाले, त्यातली एक मुख्य गोष्ट अर्काची आम्लता ठरावीक मर्यादेत राखणे हीच होती. बाजारातील बाटलीबंद औषध महिनोन् महिने टिकते ते अशाच उपायांमुळे. आपण घरी पाण्यात केलेला अर्क मात्र टिकाऊ नव्हे. म्हणून अर्क साठवू नये, बी साठवावी.

आपल्याकडची खरी अडचण निराळी आहे. निंबोळी पिकते ती मे-जूनपासून, म्हणजे सांजावच्या आगेमागे, जेव्हा आपल्याकडे पाऊस धो धो कोसळत असतो. आणि तिची गरज लागते ती नाताळाच्या सुमारास, मिरची, वांगी, अळसांदे शेतात उभे असताना. या दोहोंमध्ये चार महिन्यांचा पावसाळा आहे. पुरुमेंताची मिरची आणि सोले ओलीपासून आपण जशी जपतो, तशीच ही बीही जपली पाहिजे.

पिवळी, पिकलेली फळेच गोळा करावीत. झाडाखाली जुनी साडी किंवा गोणपाट पसरून रोजच्या रोज वेचावीत. चिखलात पडून राहिलेल्या फळाला बुरशी लागते. वेचल्या दिवशीच पाण्यात चोळून साल व चिकट गर काढून टाकावा आणि बी स्वच्छ धुवावी. ढीग करून ठेवल्यास ती आतून तापते. मग ओसरीवर किंवा बलकांवात बांबूच्या तट्टीवर पातळ पसरून सावलीत सुकवावी. वीज असेल तर पंखा लावावा. उघडीप मिळाली म्हणून घाईने अंगणातल्या तापलेल्या सिमेंटवर टाकण्याचा मोह आवरावा. बी हलवल्यावर आत खुळखुळली आणि गर मोडताना कटकन तुटला, की ती सुकली असे समजावे. चांगला गर हिरवट असतो. काळपट किंवा बुरसटलेला गर वेचून फेकावा.

सुकलेली बी कवचासकट ठेवावी, फोडू अथवा दळू नये. प्लॅस्टिकच्या पिशवीत उरलीसुरली ओल कोंडते, म्हणून गोणपाट किंवा वेताची टोपली बरी. ती जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून दूर ठेवावी. आपल्या आषाढात गोणपाटही हवेतली ओल ओढून घेते, तेव्हा पंधरवड्यातून एकदा बी पसरून वारा द्यावा. चुलीजवळचा माळा चालेल, पण थेट आचेवर नको. एवढे करणे ज्यांना जमत नाही त्यांनी, माझ्या मते, पाऊस सरल्यावर चोर्ला घाटातून बेळगावकडची किंवा तिलारीच्या वाटेने घाटावरची सुकी बी आणवावी. तिकडे कडुनिंब भरपूर आहे आणि पाऊस कमी. मात्र घेताना चार बिया फोडून पाहाव्यात. तीन महिन्यांहून जुनी व आठ-दहा महिन्यांच्या आतली बी उत्तम, म्हणजे जूनची बी जानेवारीत अगदी वेळेवर येते.

दहा लिटरच्या पंपाला अर्धा किलो गर लागतो. तो जाडसर कुटून रात्रभर दोन-तीन लिटर पाण्यात भिजवावा, दुसऱ्या दिवशी फडक्यातून गाळावा आणि पाणी घालून दहा लिटर करावे. पानावर पसरण्यासाठी वीस ग्रॅम साबण लागतो, पण साबण अल्कधर्मी असल्याने तो फवारणीच्या वेळीच घालावा. फवारणी ऊन उतरल्यावर करावी. कुळागरवाल्यांनी पोफळीसाठी केलेल्या बोर्डो मिश्रणात निंबोळी अर्क मिसळू नये, कारण त्यात चुना असतो. विकतच्या बाटलीवर ३००, १५०० किंवा १०,००० पीपीएम असे आकडे असतात. प्रमाण त्या लेबलाप्रमाणेच घ्यावे, आणि मुदतीची तारीख पाहावी. दुकानाच्या दारात उन्हात मांडलेली बाटली घेऊ नये.

आता आरोग्याविषयी. बुरसटलेल्या बीत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होऊ शकते आणि ते यकृताला घातक असते. अशी बी कुटू नये, तिची पेंड गुरांना देऊ नये. कुटताना नाकाला फडके बांधावे व स्वयंपाकाचा पाटा-वरवंटा वापरू नये. निंबाचे तेल औषध म्हणून तान्ह्या मुलांना पाजण्याची चाल काही घरांत आहे. ती बंद झालीच पाहिजे. १९८१ मध्ये मलेशियातील डॉक्टरांनी असे तेल पाजलेल्या बाळांना झालेल्या गंभीर विषबाधेची नोंद केली आहे. झाडपाल्याचे ते निरुपद्रवी, हा समज मुलाच्या जिवावर बेतू शकतो. तेल किंवा अर्क फेणीच्या अथवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरू नये. बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहून ती कुलपात ठेवावी.

अर्क गाळून राहिलेला चोथा फेकू नका. तो माडाच्या आळ्यात घालावा.