टायर मोठे, गाडी उंच : हिशेब कुठे कुठे बदलतो?

जुनी जीप किंवा जिप्सी उंच करून तिला मोठे टायर बसवण्याची हौस आपल्याकडे नवी नाही. दगडधोंड्यांच्या वाटेवर गाडीचे पोट घासू नये, हा त्यामागचा हेतू. या एका बदलात शाळेतले विज्ञान किती ठिकाणी भेटते, ते पाहू. उदाहरणासाठी १९८५ साली आलेल्या मारुती जिप्सीचे नंतरचे 'किंग' हे रूप घेऊ.

तिच्या टायरवर २०५/७० आर १५ असे लिहिलेले असते. २०५ म्हणजे टायरची मिलिमीटरमधील रुंदी. टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के. आणि आतल्या चाकाचा व्यास १५ इंच. म्हणून टायरचा व्यास ३८१ + २ × १४३.५ = ६६८ मिमी. त्याऐवजी २३५/७५ आर १५ बसवला, तर व्यास सुमारे ७३४ मिमी होतो. वाढ ६६ मिमी. पण गाडी उचलली जाते त्रिज्येतील वाढीइतकीच, म्हणजे ३३ मिमी.

मोठा टायर वळताना किंवा खड्ड्यात वर येताना मडगार्डला घासतो. म्हणून पाट्यांमध्ये बदल करून गाडीचा सांगाडा आणखी, समजा ५० मिमी, उचलतात. इथे एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. जिप्सीचे अ‍ॅक्सल अखंड असून ते थेट चाकांना जोडलेले असतात. पाटे उंच केले तरी डिफरन्शियलचा गोळा तसूभरही वर जात नाही. दगडाला आधी अडतो तो हाच गोळा, आणि त्याला मिळतात फक्त टायरचे ३३ मिमी. वरचा सांगाडा मात्र ८३ मिमी वर गेलेला असतो.

आता वेगाचा हिशेब. स्पीडोमीटर रस्ता मोजत नाही, फेरे मोजतो. नव्या टायरच्या एका फेऱ्यात गाडी सुमारे १० टक्के जास्त अंतर कापते. काटा ६० दाखवतो तेव्हा खरा वेग ६६ असतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ब्रेकला एक पंचमांशाने अधिक ऊर्जा जिरवावी लागते. त्यातच त्रिज्या वाढल्याने तेवढाच ब्रेक दाबला असता जमिनीवर मिळणारा रोध सुमारे ९ टक्क्यांनी घटतो. याच कारणाने चढावर इंजिनाची ओढही कमी पडते.

सर्वांत महत्त्वाचा बदल गुरुत्वमध्याचा. वळणावर गाडी उलटेल की नाही, हे ढोबळमानाने एका गुणोत्तरावर ठरते : दोन चाकांमधील अंतराचा निम्मा भाग भागिले गुरुत्वमध्याची उंची. अमेरिकेत २००१ पासून गाड्यांच्या उलटण्याच्या धोक्याची प्रतवारी करताना हेच गुणोत्तर वापरात आले. जिप्सीच्या चाकांमधील अंतर सुमारे १३०० मिमी. गुरुत्वमध्य ६०० मिमीवर होता आणि ७५ मिमी वर गेला असे धरू. गुणोत्तर १.०८ वरून ०.९६ वर येते. वळणावरील मर्यादेचा वेग या गुणोत्तराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो; म्हणजे तो ६ टक्क्यांनी उतरला.

सहा टक्के किरकोळ वाटतात. पण मर्यादा खाली आली आणि काटाही कमी दाखवू लागला. दोन्ही एकत्र धरले, तर पूर्वी काट्यावर ६० असताना येणारी मर्यादा आता ५१-५२ लाच येते. चालकाची नजर मात्र जुन्याच आकड्याला सरावलेली असते. प्रत्यक्षात पाटे दबून गाडी कलते, त्यामुळे खरी मर्यादा याहूनही खाली असते.

डिफरन्शियलमधील दात्यांचे गुणोत्तर बदलले तर काटा आणि ओढ पूर्ववत होतात. गुरुत्वमध्य उंचच राहतो. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणी-पुस्तकात उतरलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत.

वर्गात हा प्रयोग करता येईल. फळीवर काडेपेटी उभी ठेवा. ती घसरू नये म्हणून उताराच्या बाजूला पातळ पट्टी चिकटवा. फळी हळूहळू उचला आणि पेटी कोणत्या कोनाला कलंडते ते मोजा. त्या कोनाचा टॅन्जंट म्हणजेच वरचे गुणोत्तर. मग पेटीच्या माथ्यावर मातीचा गोळा चिकटवून पुन्हा मोजा. किती अंश गमावले? विद्यार्थ्यांना आधी अंदाज करायला सांगा.